क्रिएटिनीन १.८ आलं, गोळीने २.० झालं: मधुमेहातल्या किडनीच्या आजाराबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, शेती करतात, वजन ६५ किलो. मधुमेह १२ वर्षांपासून, बीपी ५ वर्षांपासून. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी अधूनमधून चालू असते. क्रिएटिनीन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो एक कचरा) १.८, लघवीत प्रोटीन दोन प्लस, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड वन मेडिकल रीनल डिसीज'. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दिली, तीन आठवड्यांनी क्रिएटिनीन २.० आलं, म्हणून घरच्यांनी ती गोळी बंद केली. लघवी तर भरपूर होते, मग किडनी खराब कशी? पाणी रोज चार लिटर प्यावं का? डाळ बंद करावी का? ओळखीतल्या कोणी सुचवलेला काढा द्यावा का? आणि शेवटी, डायलिसिस लागणार का?

आधी त्या गोळीचं बोलू, कारण घाई तिथे आहे. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल. क्रिएटिनीनसोबत पोटॅशियम तपासलं होतं का ते रिपोर्टमध्ये बघा. ते ५.५ च्या आत असेल तर १.८ चं २.० होणं हे गोळी बंद करायचं कारण नव्हे. ही वाढ जेमतेम ११ टक्के आहे. या गटातली गोळी सुरू केल्यावर पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनीन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी गोळी चालू ठेवायची असते. म्हणजे तुमच्या वडिलांच्या बाबतीत २.३ पर्यंत. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळी पुन्हा सुरू करण्याबद्दल बोला. बंद केलेलं त्यांना सांगायला संकोच नको. न सांगितल्यास ते 'गोळीने बीपी उतरत नाही' असं समजून दुसरी वाढवतील.

ही वाढ का होते ते समजलं की भीती जाते. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. गाळणी म्हणजे केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. त्यात रक्त आणणारी एक नळी आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. ठिबकचा फिल्टर डोळ्यासमोर आणा. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह आवळला की फिल्टरमधला दाब चढतो, पाणी जोरात गाळलं जातं, पण जाळी लवकर फाटते. मधुमेहात वर्षानुवर्षं नेमकं हेच घडतं: गाळणीत दाब जास्त, म्हणून जाळीतून प्रोटीन निसटतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या बाहेर जाणारी नळी सैल करतात. दाब उतरतो, गाळण थोडं कमी होतं, म्हणून क्रिएटिनीन किंचित चढतं. जाळी मात्र टिकते. ती छोटी वाढ म्हणजे गोळी काम करत असल्याची खूण आहे. ३० टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर मात्र शोध घ्यावा लागतो: जुलाब-उलटीने अंगातलं पाणी कमी झालंय का, सोबत पेनकिलर चालू होती का, किडनीच्या मुख्य रक्तवाहिनीतच अडथळा आहे का.

आता १.८ हा आकडा. क्रिएटिनीन स्नायूंमधून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. त्यामुळे एकच आकडा पैलवानाला वेगळं सांगतो आणि सुकलेल्या आजीला वेगळं. म्हणून वय आणि लिंग धरून किडनीचा गाळण्याचा वेग काढतात, रिपोर्टवर तो 'ईजीएफआर' म्हणून छापलेला असतो. २०२१ च्या सूत्राने ५८ वर्षांच्या पुरुषाला १.८ म्हणजे वेग मिनिटाला सुमारे ४३ मिली. तोच १.८ आकडा ५८ वर्षांच्या बाईला आला तर ३२. आणि सत्तरीतल्या बाईचं क्रिएटिनीन १.२ आलं की घरात 'जवळजवळ नॉर्मलच आहे' म्हणतात. तिचा वेग प्रत्यक्षात ४९ च्या आसपास असतो.

दुसरी फसगत अशी की क्रिएटिनीन सरळ रेषेत चढत नाही. वडिलांच्या वयाला १.० असताना वेग ८७ असतो. १.८ ला ४३. म्हणजे ०.८ ने वाढलेल्या आकड्यात निम्मी क्षमता गेली. उलट ४ चं ५ झालं की घरात रडारड होते, पण वेग तिथे साडेसोळावरून साडेबारावर आलेला असतो, चारच अंकांचा फरक. सांभाळण्यासारखं खूप असतं तेव्हा आकडा शांत दिसतो, आणि थोडंच उरतं तेव्हा तो ओरडू लागतो. म्हणून फाईलमध्ये क्रिएटिनीनच्या शेजारी ईजीएफआर लिहायची सवय लावा.

पायऱ्या अशा मोजतात: ९० आणि वर पहिली, ६० ते ८९ दुसरी, ४५ ते ५९ '३ अ', ३० ते ४४ '३ ब', १५ ते २९ चौथी, १५ च्या खाली पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांना आजार तेव्हाच म्हणायचं, जेव्हा लघवीत प्रोटीन किंवा सोनोग्राफीत काही दोष असेल. आणि कोणतीही पायरी ठरवायला बिघाड निदान तीन महिने टिकलेला हवा. वडील ३ ब मध्ये आहेत, पण जुना रिपोर्ट नसेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासूनच ते पक्कं म्हणायचं. आदल्या रात्री मटण चापलं असेल किंवा को-ट्रायमोक्साझोलसारखी अँटिबायोटिक चालू असेल तर क्रिएटिनीन उगाच वर दिसतं.

सोनोग्राफीतला 'ग्रेड वन' या पायऱ्यांशी जोडू नका. ती फक्त किडनी पडद्यावर किती पांढरट दिसते याची नोंद असते, आणि ती बघणाऱ्यागणिक बदलते. त्या रिपोर्टमधून उपयोगाचं एवढंच: दोन्ही किडन्यांची लांबी, लघवी तुंबून सूज आहे का, खडा आहे का, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते. शेवटचा आकडा ५८ व्या वर्षी महत्त्वाचा, कारण प्रोस्टेटमुळे तुंबणारी लघवी हे किडनी बिघडण्याचं कारण असेल तर ते दुरुस्त होण्यासारखं असतं.

प्रोटीन 'दोन प्लस' हेही अर्धवट उत्तर आहे. पट्टीवरचा रंग लघवी किती घट्ट आहे त्यावर बदलतो. सकाळच्या पहिल्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो ही तपासणी करून घ्या (अल्ब्युमिन म्हणजे लघवीतून निसटणारं मुख्य प्रोटीन). ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्ये गळती सुरू झालेली, ३०० च्या वर गळती जोरात. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशी अंगमोड काम किंवा साखर फार चढलेली असेल तर ही तपासणी त्या दिवशी करू नका. माझ्या मते मधुमेहात ही तपासणी क्रिएटिनीनइतकीच महत्त्वाची आहे, आणि सगळ्यात जास्त तीच राहून जाते. क्रिएटिनीन हलण्याच्या कितीतरी वर्षं आधी ती बिघडते. टाइप टू मधुमेहाचं निदान झालं त्या दिवसापासून दरवर्षी एकदा ती व्हायला हवी.

'लघवी भरपूर होते, मग किडनी खराब कशी?' याचं उत्तर गणितात आहे. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतात. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. गाळण्याचा वेग १० पर्यंत घसरला तरी मिनिटाला १० मिली म्हणजे दिवसाला १४ लिटरहून जास्त गाळलं जातं. त्यातून दोन लिटर लघवी सहज निघते. पाणी निघतं, कचरा मागे राहतो. शिवाय आजारी किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकद आधी जाते, म्हणून रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. 'लघवी साफ होते' म्हणून घरचे जे समाधान मानतात, ते कधीकधी आजाराचंच लक्षण असतं.

मग ओळखायचं कशावरून? सुरुवातीला कशावरूनच नाही, आणि हेच या आजाराचं खोडसाळपण. पुढे गेल्यावर लघवीचा फेस बसत नाही: भांड्यात पाणी ओतल्यावरही पांढरा थर राहतो. सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी घोट्यांवर; नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून उचलला की खळगा राहतो. बीपी पूर्वीच्या गोळ्यांना जुमानत नाही. त्यानंतर धाप, फिकटपणा, अंगाला खाज, रात्री पोटऱ्यांत गोळे, सकाळी दात घासताना मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, मटणाचा वासही नकोसा होणं. कंबर दुखते म्हणून किडनी तपासायला खूपजण येतात. मधुमेहातला किडनीचा आजार दुखत नाही.

एक लक्षण मुद्दाम वेगळं सांगतो, कारण ते सुखद वाटतं. बारा-पंधरा वर्षं न ऐकणारी साखर अचानक आटोक्यात येते, इन्सुलिन कमी लागतं, मध्येच घाम येऊन साखर ५०-६० पर्यंत उतरते. घरच्यांना वाटतं पथ्य लागू पडलं. खरं म्हणजे इन्सुलिन आणि काही गोळ्या अंगाबाहेर काढण्याचं काम किडनीचं असतं. ती थकली की औषध अंगात रेंगाळतं. असं झालं की आनंद मानण्याआधी क्रिएटिनीन करा. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी अशा माणसाला धोक्याची. मेटफॉर्मिन वेग ४५ च्या खाली गेला की निम्म्यावर, म्हणजे दिवसाला १००० मिग्रॅच्या आत आणायची आणि ३० च्या खाली बंद करायची. वडिलांचा डोस आजच बघा. ५०० मिग्रॅची गोळी दिवसातून तीनदा चालू असेल तर डॉक्टरांना विचारून कमी करायला हवी.

मधुमेह आहे म्हणून दोष मधुमेहाचाच, असं धरून चालू नका. डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर मधुमेहाचे डाग असतील तर किडनीही त्यानेच बिघडली असण्याची शक्यता वाढते. पडदा स्वच्छ आहे आणि लघवीत रक्तपेशी आहेत, किंवा दोन-तीन महिन्यांत सूज आणि प्रोटीन एकदम वाढलंय, तर दुसरा आजार शोधावा लागतो आणि कधी किडनीची बायोप्सी करावी लागते. इतर कारणांत जुनं बीपी, गाळण्यांना सूज आणणारे आजार, दोन्ही बाजूंना अडकलेले खडे, लहानपणापासून उलटी वर चढणारी लघवी, आणि पिढीजात गाठींची किडनी. आई किंवा वडिलांना ती असेल तर प्रत्येक मुलाला ती येण्याची शक्यता निम्मी. काही भागांत, उदाहरणार्थ आंध्र प्रदेशात श्रीकाकुलमच्या उद्दानम पट्ट्यात, मधुमेह-बीपी नसलेल्या शेतमजुरांच्या किडन्या निकामी होतात आणि त्याचं एकच असं कारण ठरलेलं नाही.

आता ती गुडघ्याची गोळी. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब: नावं वेगळी, किडनीवरचं काम एकच. गाळणीत रक्त आणणारी नळी त्या आवळतात. म्हणजे टेल्मिसार्टनने जाणारा व्हॉल्व्ह सैल केलाय आणि पेनकिलरने येणारा बंद होतोय. गाळणीत दाबच उरत नाही. त्यात सूज उतरवायची लघवीची गोळी चालू असेल आणि एप्रिल-मेच्या उन्हात शेतात घाम गाळला असेल, तर चार दिवसांत क्रिएटिनीन दुप्पट होऊ शकतं. दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिग्रॅ, दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत. गुडघ्यावर चोळायचं जेल थोडे दिवस चालतं, कारण त्यातलं फार थोडं रक्तात जातं. मेडिकलवाल्याला 'किडनीचा पेशंट आहे' असं दरवेळी सांगा. पाकिटावर 'प्लस' लिहिलेलं असेल तर मागे वळून घटक वाचा; पॅरासिटामॉलच्या जोडीला असिक्लोफेनॅक बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं.

औषधांत गेल्या काही वर्षांत खरा फरक पडला आहे. पूर्वी टेल्मिसार्टनच्या गटापलीकडे हाती फारसं काही नव्हतं. आता डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, दोन्ही १० मिग्रॅ, दिवसातून एकदा. या मुळात साखरेच्या गोळ्या, पण २०२० आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत मधुमेह नसलेल्यांच्या किडनीचाही ऱ्हास त्यांनी मंदावला. वेग २० पर्यंत असेल तरी सुरू करता येतात. यांनीही पहिल्या महिन्यात क्रिएटिनीन किंचित चढतं, तेव्हा पुन्हा घाबरून बंद करू नका. लघवीवाटे साखर जाते, म्हणून जननेंद्रियाला खाज आणि बुरशी होऊ शकते. प्रत्येक लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं केलं की बहुतेकांचा त्रास टळतो. प्रोटीन तरीही जात राहिलं आणि पोटॅशियम आटोक्यात असेल तर फिनेरेनोन ही तिसरी गोळी. वडिलांच्या वेगाला तिची सुरुवात १० मिग्रॅने होते. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन यासोबत असतेच, कारण या रुग्णांना किडनीपेक्षाही हृदयाचा धोका मोठा असतो. बीपी १३०/८० च्या खाली हवं. ते घरी, बसून, पाच मिनिटं शांत राहून मोजा आणि वहीत लिहा.

एक नियम फ्रिजवर चिकटवून ठेवा: उलट्या-जुलाब, कडक ताप, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तेव्हा टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन आणि लघवीची गोळी थांबवायची, डॉक्टरांना फोन करायचा, आणि खाणं-पिणं नीट सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा सुरू करायची. इन्सुलिन मात्र स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही. एकादशीचा निर्जळी उपास या गोळ्यांसोबत नको.

पथ्यात लोक नको तिथे कडक आणि हवं तिथे ढिले असतात. सगळ्यात मोठं पथ्य मिठाचं: दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं. घरातला हिशेब सोपा आहे. चार माणसांना माणशी ५ ग्रॅम म्हणजे दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. पुडी आणली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. २५ दिवसांत संपली तर माणशी १० ग्रॅम जातंय, आणि यात लोणचं, पापड, फरसाण, खारी, ब्रेड हे बाहेरचं मीठ धरलेलंच नाही. मीठ जास्त असेल तर टेल्मिसार्टनचा प्रोटीन रोखण्याचा गुण उणावतो. गोळी महाग घ्या की स्वस्त. सैंधव हेही सोडियमच, त्याने काही सुटत नाही. आणि दुकानातलं 'लो सोडियम' मीठ तर या माणसाला नकोच. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि टेल्मिसार्टन चालू असताना ते जिवावर बेतू शकतं.

डाळ बंद करू नका. ६५ किलो वजनाला दिवसाला किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ५२ ग्रॅम प्रथिनं चालतात. आपल्या साध्या जेवणाचा हिशेब करा: ज्वारीच्या तीन भाकऱ्या १५ ग्रॅम, भात ४, दोन वाट्या डाळ १४, पाव लिटर दूध ८, एक अंडं ६, भाज्या ३-४. झाले ५० च्या आसपास. म्हणजे नेहमीचं जेवण पथ्यातच बसतं. जादा नको ते रोजचं मटण-चिकन आणि प्रोटीन पावडर. धास्तीने डाळ-दूध सगळं तोडलं की सहा महिन्यांत मांड्या सुकतात, आणि गंमत म्हणजे स्नायू घटल्यामुळे क्रिएटिनीनही थोडं उतरतं. घरच्यांना वाटतं पथ्याचा गुण आला.

पाणी तहानेप्रमाणे. चार लिटर पिऊन किडनी 'धुतली' जात नाही. ज्याला खडे होतात त्याचं गणित वेगळं. पायावर सूज किंवा धाप असेल तर उलट मोजून प्यावं लागतं. फळं-भाज्यांचं पोटॅशियम प्रत्येकाने तोडायचं नसतं, रिपोर्टमध्ये ते ५ च्या वर जाऊ लागलं तरच. तेव्हा शहाळ्याचं पाणी, फळांचे रस, केळी, टोमॅटोचं सार, पालक, बटाटा यांना आवर घालायचा. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. स्टारफ्रूट म्हणजे कमरख मात्र वेग घसरलेल्या माणसाने अजिबात खाऊ नये. त्यातलं विष किडनीवाटे बाहेर पडतं. ते पडलं नाही की न थांबणारी उचकी, गोंधळ, आकडी येते.

काढ्याबद्दल. कोणी सुचवला याला महत्त्व नाही, बाटलीत काय आहे याला आहे. घटक लिहिलेले नसतील तर देऊ नका. पारा, शिसं असलेली भस्मं किडनीच्या नळ्या आणि गाळण्या बिघडवतात. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये महागात पडला: वजन उतरवण्याच्या औषधात ॲरिस्टोलोकिया वर्गातली वनस्पती आली आणि अनेक बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. आपल्याकडची ईश्वरी त्याच वर्गातली. पारा फक्त पोटातूनच जातो असंही नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरं होण्याच्या क्रीममुळे लघवीतून प्रोटीन जाऊ लागलेले रुग्ण सापडले, आणि बहुतेकांचं क्रीम बंद केल्यावर सुधारलं. काढ्याने 'क्रिएटिनीन उतरलं' असं सांगणारे भेटतात. त्यांना झटका येऊन आपोआप भरून येणारा आजार होता की वडिलांसारखा सावकाश वाढणारा, हे आधी विचारा.

कारण हे दोन आजार वेगळे आहेत. लेप्टोस्पायरोसिस, घोणस चावणं, जोराचे जुलाब, पेनकिलरचा मारा यांनी किडनी दोन-चार दिवसांत बसते. तेव्हा डायलिसिस करून वेळ काढला तर ती अनेकदा भरून येते आणि डायलिसिस सुटतं. 'एकदा लावलं की कायमचं' या भीतीने अशा वेळी नकार देणं म्हणजे वाचण्यासारखा माणूस घालवणं. सावकाश झिजलेल्या किडनीत मात्र गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत.

तर डायलिसिस लागेल का? आज नाही. पुढचं वेगावर नाही, घसरणीवर अवलंबून आहे. चाळिशीनंतर निरोग्याचाही वेग वर्षाला सुमारे एकाने उतरतो. प्रोटीन जोरात जातंय, बीपी १५०-१६०, पेनकिलर चालू, अशी स्थिती राहिली तर वर्षाला पाच किंवा जास्त. ४३ पासून पाचने उतरलं तर १५ ला पोचायला साडेपाच वर्षं. दोनने उतरलं तर चौदा. वडील तेव्हा ७२ चे असतील. सगळी औषधं आणि मिठाची पुडी या दोन आकड्यांमधल्या साडेआठ वर्षांसाठी आहे. घसरण कळायला दर तीन-चार महिन्यांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम, सहा महिन्यांनी अल्ब्युमिनची रेशो, हिमोग्लोबिन. शक्यतो एकाच लॅबमध्ये.

वेग ३० च्या खाली गेला की किडनीतज्ज्ञाकडे नियमित जायचं, आणि तिथून तयारी सुरू होते. हिमोग्लोबिन १० च्या खाली आलं तर आधी लोहाचा साठा भरायचा, मग रक्त वाढवणारं इरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन. लोह न भरता इंजेक्शन मारलं की पैसे वाया. हिपॅटायटिस बी ची लस दुप्पट डोसने, ०, १, २ आणि ६ महिन्यांना, आणि शक्य तितकी लवकर, कारण किडनी जितकी थकेल तितकी लस कमी लागू पडते. आणि डावा हात जपायचा. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरांत सुई, सलाइन काही नको. रक्त उजव्या हाताच्या पंजाच्या मागून घ्यायला सांगा. त्याच शिरेला धमनी जोडून पुढे डायलिसिससाठी फिस्टुला करायचा असतो. तो पिकायला किमान सहा-आठ आठवडे लागतात, म्हणून काही महिने आधी करून ठेवतात. चालू फिस्टुलावर बोटं ठेवली की मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. रोज सकाळी ती तपासायची. थांबली तर त्याच दिवशी सर्जनकडे, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. ही तयारी नसली की घाईत मानेत नळी घालावी लागते, आणि त्या नळीतून जंतू थेट रक्तात जाण्याचा धोका राहतो.

डायलिसिस सुरू करायचं ते क्रिएटिनीनच्या आकड्यावर नव्हे. बहुतेकांना वेग ५ ते १० च्या दरम्यान असताना, उलट्या, न उतरणारी सूज किंवा न आटोपणारं पोटॅशियम यामुळे ते लागतं. मशीनवरचं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पोटातलं डायलिसिस घरीच, साधारण दोन लिटर द्रव दिवसातून चारदा भरून-काढून. गावापासून सेंटर लांब असेल तर त्याचा विचार जरूर करा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. प्रत्यारोपण डायलिसिसच्या आधीही करता येतं. नवी किडनी पोटाच्या खालच्या बाजूला बसवतात, जुन्या बहुधा तशाच राहतात, आणि औषधं जन्मभर चालतात. कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, भावंडं, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं. घरात दाता नसेल तर मृत दात्याच्या यादीत नाव नोंदवायचं असतं. त्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रं आहेत. नोंदणी तुमच्या प्रत्यारोपण रुग्णालयामार्फत होते.

रात्री-बेरात्री न थांबता रुग्णालयात जायचं ते अशा वेळी: आडवं झोपता येत नाही इतकी धाप, पायांतली ताकद अचानक जाणं किंवा नाडी फार मंद होणं, दिवसभरात लघवी पेलाभरही न होणं, गुंगी किंवा आकडी, आणि एक-दोन दिवस पाणीही न टिकणाऱ्या उलट्या. जाताना औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या. चिठ्ठीवरचं अक्षर रात्रपाळीच्या डॉक्टरला लागेलच असं नाही.